घाण पाण्यावर इतके पक्षी कसे?

ठाणे खाडीच्या पाण्याला वास येतो. ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून जाताना गाडीची काच उघडी असेल तर तो थेट आत शिरतो. आणि हिवाळ्याच्या दिवसांत नेमक्या त्याच वेळी खालच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे माना खाली घालून चरत असतात. पाणी काळपट, काठाला प्लास्टिक अडकलेलं आणि मध्ये दूरवर पसरलेला गुलाबी पट्टा. इकॉलॉजीचा प्राथमिक वर्ग लावला तेव्हापासून हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. पाणी स्वच्छ असेल तिथे जीवसृष्टी नांदते, असं आपण शाळेत शिकलेलो असतो. मग हे पक्षी इथे कशाला येतात?

मी डोंबिवलीची. आयुष्यभर हिशेबाची नोकरी केली आणि जीवशास्त्राशी दहावीनंतर काही संबंध उरला नाही. निवृत्तीनंतर ठाण्यात शनिवार-रविवारी भरणाऱ्या एका वर्गाची माहिती मिळाली. अर्धा वेळ हॉलमध्ये, अर्धा वेळ बाहेर. शिकवणाऱ्या बाईंनी खाडीच्या चिखलावर बरीच वर्षं काम केलेलं होतं. वर्गात कॉलेजची मुलं होती, दोन शिक्षक होते, चेंदणी कोळीवाड्यातले एक काका होते. काका शिकायला आले होते की शिकवायला, हे मला पुढेही नीट ठरवता आलं नाही, कारण बाई त्यांना बरंच काही विचारत असत.

फळ्यावरची इकॉलॉजी समजायला सोपी गेली. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये हा शब्द वापरला. सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातल्या संबंधांचं शास्त्र, असा त्याचा अर्थ. १९३५ मध्ये आर्थर टान्सली यांनी परिसंस्थेची कल्पना मांडली. झाडं, प्राणी, जिवाणू यांच्याबरोबर पाणी, माती, ऊन, वारा, क्षार हेही एकाच व्यवस्थेचे भाग धरायचे. मग उत्पादक, भक्षक, विघटक. रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना बहुतेक ऊर्जा खर्च होऊन जाते, आणि वरच्या पायरीला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. म्हणून गवत भरपूर, हरणं कमी आणि बिबटे त्याहून कमी. मला हे पटलं. आकडे जुळत होते.

खाडीवर गेल्यावर मात्र जुळेनासं झालं.

आधी नकाशाच समजायला वेळ लागला. उल्हास नदी बोरघाटाच्या बाजूने खाली उतरते, कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते, दुर्गाडी किल्ल्याखालून डोंबिवली, दिवा, मुंब्र्याच्या कडेने ठाण्याकडे जाते. तिथून तिचं मुख्य पाणी घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीत उतरतं. ठाण्याजवळ एक अरुंद फाटा दक्षिणेकडे निघतो आणि ठाणे खाडी होऊन मुंबई बंदराला मिळतो. म्हणजे साष्टी हे खरोखरीचं बेट आहे, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं. रोज लोकलने हे पाणी ओलांडूनही मला हे माहीत नव्हतं. या भूगोलाचा एक परिणाम फार महत्त्वाचा: खाडी ठाण्याच्या टोकाला चिंचोळी आणि उथळ आहे, त्यामुळे तिथलं पाणी भरतीला वर येतं, ओहोटीला मागे सरतं आणि पुन्हा वर येतं. पावसाळ्यातल्या लोंढ्याशिवाय ते धुऊन निघत नाही. जे त्यात सोडलं जातं ते बराच काळ तिथेच फिरत राहतं.

भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. बाई हे कोष्टकातून दाखवत होत्या, काका तिथीवरून सांगत होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी दूरवर चढतं आणि तितकंच दूरवर ओसरतं, भांगाला दोन्ही बेताचं. चिखलात राहणाऱ्या प्रत्येक जिवाचा दिवस या वेळापत्रकाने बांधलेला आहे. दिवसातून दोनदा तो पाण्याखाली जातो, दोनदा उन्हात उघडा पडतो. पावसाळ्यात ठाण्याच्या टोकाला पाणी जवळपास गोडं होतं, मे महिन्यात समुद्राइतकं खारट. गोड्या पाण्यातला मासा इथे मेला असता, खोल समुद्रातलाही मेला असता. जे टिकतात ते हा सगळा चढउतार सोसू शकणारे: निवटी, बोय, चिंबोरी, कोळंबी. निवटी तर ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलावर परांच्या आधाराने सरपटत फिरतात. एक मासा माझ्याकडे टक लावून बघत चिखलावर चालतो आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाई पुढे काय सांगत होत्या ते मला ऐकूच आलं नाही.

मग बाईंनी चिखल उचलला. वरचा अगदी पातळ थर तपकिरी-हिरवट होता आणि जेमतेम बोटभर खाली सगळं काळं. काळ्या थराला सडक्या अंड्यांचा वास. इथे मला दुसरा धक्का बसला. तो वास सगळाच सांडपाण्याचा नसतो. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या बारीक गाळात हवा शिरत नाही. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. जगातल्या कुठल्याही निरोगी खाजणात हा वास थोडाफार असतोच. म्हणून कांदळवनातल्या तिवराची मुळं जमिनीतून वर डोकावतात; खाली श्वास घ्यायला काही नाही, तेव्हा हवा वरून घ्यायची. तिवराच्या पानावर बोट फिरवून मी जिभेला लावलं तर खारट लागलं. झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

आता वरच्या तपकिरी-हिरवट थराकडे. त्यात सूक्ष्म शैवालं असतात आणि नीलहरित जिवाणू. फळ्यावरचे ‘उत्पादक’ इथे हेच. गवत नाही, झाड नाही, डोळ्यांना धड दिसतही नाही, पण चिखलावर पसरलेला हा लेप खाडीतल्या कितीतरी पोटांचा आधार आहे. आणि लहान रोहित नेमका यावर जगतो. त्याची चोच उलटी धरून पाण्यात घालायची असते. जाड जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं, आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शैवालं अडकून राहतात. मोठ्या रोहिताची झालर जाड असते; तो कोळंबीची पिल्लं, अळ्या, लहान शिंपले असं मोठं भक्ष्य गाळतो. एकाच पाण्यात दोघं शेजारी शेजारी चरतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. ठाणे खाडीत लहान रोहितांची संख्या फार मोठी आहे. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. पिल्लं करडी असतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते आणि साधारण नोव्हेंबर ते मे ते आपल्याकडे असतात.

मग माझा प्रश्न मी विचारला, आणि उत्तराने मी अधिकच चक्रावले.

आपल्या घरांतून निघणाऱ्या सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. शेवाळाला हे खत. ठाणे, मुंबई, नवी मुंबईचं प्रक्रिया न झालेलं किंवा अर्धवट प्रक्रिया झालेलं पाणी खाडीत येतं, खाडी उथळ, ऊन मुबलक, पाणी फारसं धुऊन निघत नाही. शैवालं वाढतात. शैवालं वाढली की त्यांवर जगणारा पक्षी येतो. खाडीत रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकापासून, आणि २०१९च्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेल्या मोजणीत त्यांचा आकडा लाखाच्या पुढे गेला. सांडपाणी हे यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं.

“म्हणजे सांडपाणी बंद केलं तर पक्षी जातील?” वर्गातल्या एका मुलाने विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं. बाई लगेच काही बोलल्या नाहीत. त्यांनी आम्हाला पूर्व आफ्रिकेतल्या नाट्रॉन आणि नाकुरू सरोवरांची चित्रं दाखवली. तिथलं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की बहुतेक जीव तिकडे फिरकत नाहीत, आणि तीच लहान रोहितांची मोठी आश्रयस्थानं आहेत. हा पक्षी पहिल्यापासून कठीण पाण्याचा पक्षी आहे. इतरांना जिथे राहता येत नाही तिथे शैवालं माजतात आणि ती खाणारा हा जवळजवळ एकटाच. त्याच्या येण्यावरून एवढंच कळतं, की पाणी उथळ आहे आणि त्यात त्याचं अन्न भरपूर आहे. बाकी कुणाचं तिथे काय चाललंय, ते त्याच्याकडून कळत नाही.

ते काकांकडून कळलं. ते इतका वेळ गप्प होते. “ताई,” ते मला म्हणाले, “पक्षी आलं म्हणून खाडी बरी झाली असं समजू नका. आमचे जाल्यात काय येतं ते बघा.” त्यांच्या लहानपणी ठाण्यापर्यंत जिताडा यायचा, मोठाले शिंगाळे यायचे, कोळंबी टोपल्यांनी निघायची. आता जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त. घरातल्या पुढच्या पिढीतलं कुणी होडीवर जात नाही.

याचं कारणही त्याच शैवालात आहे, आणि हे उमगलं तेव्हा मला पहिल्यांदा परिसंस्था म्हणजे काय ते जाणवलं. दिवसा शैवाल ऑक्सिजन सोडतं; रात्री तेच तो वापरतं. मेलेलं शैवाल आणि मैला कुजवणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजन ओढून घेतात. पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू तळाला जातो. मासेमारीसाठी आणि जलचरांसाठी तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. त्याखाली नाजूक जाती आधी जातात. चिखलातले काही किडे, थोडे चिवट मासे तग धरतात आणि स्पर्धक उरले नसल्याने बेसुमार वाढतात. जिवांची संख्या मोठी, जाती थोड्या. रोहिताला श्वास हवेतून घ्यायचा आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी त्याचं काही अडत नाही. ज्या खताने त्याचं ताट भरलं, त्याच खताने काकांचं जाळं रिकामं झालं. खाडी एकच.

जिताड्याची गोष्ट यात वेगळी सांगायला हवी, कारण ती मला विसरता येत नाही. हा मासा खाऱ्या आणि गोड्या पाण्यात ये-जा करतो, नदीत वाढतो, अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो. तरुणपणी तो नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्याचं आयुष्य पूर्ण व्हायला नदी, खाडी आणि समुद्र असं सगळं मोकळं लागतं, मधल्या कुठल्याही टप्प्यात पाण्याची वाट बंद झाली की संपलं. एवढं सगळं एका माशाच्या जगण्यात गुंतलेलं असतं आणि आपल्याला त्याची ओळख बाजारातल्या भावावरून असते.

येऊरच्या जंगलात गेलो तेव्हा बिबट्याचंही असंच निघालं, म्हणून ते थोडक्यात सांगते. येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं आणि त्यात बिबट्यांची घनता १०० चौरस किलोमीटरला वीसच्या वर. लिंडेमनच्या हिशेबाने एवढ्या जंगलाला हे झेपणं अवघड आहे. याचं उत्तर जंगलाच्या कडेला आहे. वस्त्यांचा कचरा, कचऱ्यावर कुत्री, आणि कुत्र्यांवर बिबटे. चितळ-सांबरांबरोबर कुत्रा हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. खाडीतला रोहित आणि येऊरचा बिबट्या, दोघांच्याही ताटात शहराने वाढलेलं आहे.

कल्याणच्या वर हाच प्रश्न उलट्या अंगाने समोर आला. मोहने, रायते या पट्ट्यात उल्हास नदी गोड्या पाण्याची. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारं पाणी हेच. उन्हाळ्यात जलपर्णी तिथे नदी झाकून टाकते. दुरून ते हिरवंगार कुरण वाटतं, जांभळी फुलंही सुंदर. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल परिस्थितीत दोनेक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो, आणि तिला जे खत लागतं ते पुन्हा तेच, सांडपाण्यातलं. खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात, ऑक्सिजन घटतो. मात्र त्याच जलपर्णीवर जांभळी पाणकोंबडी आणि लांब बोटांचे कमळपक्षी सहज चालत होते. मला ते दोन्ही पहिल्यांदाच दिसले आणि मी हरखून गेले.

“ही झाडं पाण्यातलं खत शोषतात, म्हणजे पाणी स्वच्छच करतात ना?” असं मी विचारलं. शोषतात, बाई म्हणाल्या, पण ती काढून बाहेर नेली तरच. तिथेच कुजली तर घेतलेलं सगळं परत पाण्यात. आणि खाली खाडीत ती का दिसत नाही? मीठ सोसत नाही म्हणून. पावसात वाहत दुर्गाडीच्या पुढे, डोंबिवलीच्या रेतीबंदराकडे येते आणि पाण्यातला खारटपणा वाढत गेला की तपकिरी पडून मरते. नदीवर जिचं एवढं राज्य, तिची हद्द मिठाच्या एका रेषेवर संपते. मायदेशात तिला खाणारे भुंगेरे असतात, इथे नव्हते, म्हणून ती मोकाट सुटली. तेच भुंगेरे १९८०च्या दशकात तपासून भारतात आणले गेले आणि बंगळुरूजवळच्या तळ्यांत त्यांचा उपयोगही झाला. उल्हासवर मात्र मूळ दुखणं सांडपाण्याचं आहे. खत येत राहील तोवर जलपर्णी काढणारी यंत्रं दरवर्षी आणावी लागतील.

एवढ्यावर मला वाटलं, आता थोडंफार कळायला लागलं. तेवढ्यात पावसाळा संपता संपता ऐरोलीच्या बाजूची तिवरं तपकिरी पडली. फांद्याच फांद्या, पानं नाहीत. कुणीतरी रसायन ओतलं असणार, अशी चर्चा सुरू झाली आणि मलाही तीच शंका आली. जवळ गेल्यावर पानांच्या फक्त शिरा शिल्लक होत्या. सागाची पानं फस्त करणारी हीब्लिआ प्युएरा नावाच्या पतंगाची अळी तिवरावरही येते. पावसाळ्यानंतर मुंबई-ठाण्याच्या खाजणांत हे अनेकदा घडलेलं आहे. मी विचारलं, फवारणी का करत नाहीत? कारण फवारा चिखलातल्या खेकड्यांवर आणि कोळंबीवरही पडेल. शिवाय साळुंक्या आणि कावळे अळ्या टिपायला जमलेच होते, अळ्यांवर अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्याही असतात, आणि अळ्यांची विष्ठा चिखलात पडून झाडांच्याच मुळांना मिळणार होती. आम्ही थांबलो. दिवाळीनंतर गेलो तर तिवरं पोपटी कोवळ्या पानांनी भरलेली. काही न करणं हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे स्वीकारायला मला फार जड गेलं. कारण मेल्यासारखी दिसणारी हजारो झाडं समोर असताना हात बांधून उभं राहणं सोपं नाही.

त्याहून जड गेलं ते पुढचं. खाडीत तिवरं वाढत आहेत. पूर्वीपेक्षा जास्त. झाडं वाढली याचा आनंदच व्हायला हवा, आणि तिवरं तोडायला बंदी घालणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५चा आदेश व २०१८चा अंतिम निकाल नसता तर किनाऱ्याचं काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. पण या वाढीचं एक कारण गाळ आहे. डोंगर कापले, भराव टाकले, राडारोडा पाण्यात गेला. तो गाळ उथळ खाडीत बसला आणि त्या गाळावर तिवर रुजलं. जिथे ते रुजतं तिथला उघडा चिखल जातो. रोहितांना, तुतारी-चिखल्यांसारख्या पाणथळ पक्ष्यांना उघडा चिखलच हवा असतो. म्हणजे झाडांची जागा वाढते आणि पक्ष्यांचं कुरण आक्रसतं. महसुली नोंदीत ज्याला कुणी किंमत दिली नसती तो उघडा चिखल हा खाडीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांत जवळपास ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग आहे. दोन्ही धरले, हे फार शहाणपणाचं झालं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. मात्र भरतीला चिखल बुडाला की पक्षी नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर विसाव्याला जातात, आणि ती तळी या हद्दीच्या बाहेर आहेत. पक्ष्याचा अर्धा दिवस अभयारण्यात जातो आणि अर्धा दिवस बाहेर. त्या तळ्यांत भरतीचं पाणी येण्याची वाट अडली की पक्ष्यांना टेकायला जागा उरत नाही.

माझ्या डोंबिवलीबद्दल एवढंच. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये औद्योगिक भागातला रस्ता गुलाबी झाला, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. हवेचा अंदाज घ्यायला बाईंनी आम्हाला भिंग आणि चौकडीचा पारदर्शक कागद देऊन झाडांच्या खोडांवरची दगडफुलं मोजायला सांगितली. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात, पाणी आणि क्षार ते हवेतून घेतं, त्यामुळे हवेतला सल्फर डायऑक्साइड त्याला सोसत नाही. येऊरच्या खोडांवर राखाडी-हिरवे ठिपके दाट होते. आमच्या औद्योगिक भागातल्या रस्त्याकडेच्या आंब्यांवर, पर्जन्यवृक्षांवर मला ते जवळपास सापडले नाहीत. धूळ आणि कोरडेपणाही कारण असू शकतो, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, असं बाईंनी बजावलं. मी काढत नाही. पण रोज ज्या झाडांखालून स्टेशनला गेले त्यांची खोडं इतकी उघडी आहेत, हे मला टोचत राहिलं. इथे मला नसलेल्या जिवाने काही सांगितलं होतं.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळालं, असं मी मानते. जो जीव दिसतो तो फक्त स्वतःच्या गरजांबद्दल साक्ष देतो. जागेची तब्येत कळायची असेल तर जे होते आणि आता नाहीत त्यांची चौकशी करावी लागते. लाखभर रोहित हे वैभव आहे, ते टिकलंच पाहिजे, त्यांच्यासाठी चिखल, तळी आणि भरतीच्या वाटा राखल्याच पाहिजेत. पण त्या आकड्याच्या आधारे खाडी सुधारली असं कुणी म्हणू लागलं, तर ते खरं नाही. सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडलं पाहिजे. त्यामुळे रोहित थोडे घटले तरी चालतील. पाण्यात ऑक्सिजन परतला तर त्यांच्यासोबत आणखी कितीतरी जण परततील.

रोहितांची मोजणी होते, तिची बातमी येते. जाळ्यांची मोजणी मात्र आपल्या ऐकिवात नसते. चेंदणी, कळवा, दिवा, कोपर, मोठागाव, दुर्गाडी इथल्या कोळी आणि आगरी घरांत अजून अशी माणसं आहेत ज्यांना कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठवर यायचा ते तोंडपाठ आहे. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. माशाचं नाव, जागा, महिना आणि तो शेवटचा कधी दिसला ते साल, एवढं लिहून घ्या, आणि ती वही जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला नेऊन द्या. आमच्या वर्गाने चेंदणीपासून सुरुवात केली आहे.